चलबीजाणू कशासाठी पोहतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : शैवाल आणि बुरशी हे एका जागी वाढणारे जीव आहेत, तर त्यांच्या प्रजननात पोहणाऱ्या पेशी का निर्माण होतात, त्या युग्मकांपासून (संयोग करणाऱ्या लैंगिक पेशींपासून) वेगळ्या कशा ओळखायच्या, आणि एवढ्या सूक्ष्म पेशीने थोडेसे पोहून नेमके काय साधते? प्रश्नकर्त्याने पाठ्यपुस्तकातले उत्तरही दिले आहे, ते असे की चलबीजाणू, म्हणजे या पोहणाऱ्या बीजाणुपेशी, प्रजातीच्या प्रसारासाठी असतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे आणि त्यामुळे पुढचे बरेच काही समजेनासे होते. वनस्पतिरोगांच्या निमित्ताने अनेक वर्षे या पेशी पाहत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की चलबीजाणू दूर जाण्यासाठी पोहत नाही, तर कोठे स्थिरावायचे ते ठरवण्यासाठी पोहतो. अंतर कापण्याचे काम बहुधा वारा, वाहते पाणी, पावसाचे शिंतोडे किंवा एखादा प्राणी करतो. शेवटचे काही मिलिमीटर मात्र पेशीला स्वतः जावे लागते, आणि तिची सारी रचना त्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे.

आकड्यांनी हे लगेच स्पष्ट होईल. फायटोफ्थोरा या रोगकारकाचा चलबीजाणू सुमारे 10 मायक्रोमीटर लांबीचा असतो आणि तो सेकंदाला साधारण 100 ते 200 मायक्रोमीटर पोहतो. स्वतःच्या आकाराच्या मानाने हा वेग मोठा आहे. तो 100 मायक्रोमीटरच्या वेगाने सरळ रेषेत पोहत राहिला, तर तासाभरात 36 सेंटिमीटर जाईल. परंतु तो सरळ रेषेत पोहत नाही. थोडे जातो, दिशा बदलतो, पुन्हा थोडे जातो, आणि मातीच्या कणांमधील वाकड्यातिकड्या पोकळ्यांत तर प्रत्येक अडथळ्याला वळतो. त्यामुळे सुरुवातीच्या जागेपासूनचे त्याचे प्रत्यक्ष अंतर थोड्याच सेंटिमीटरांत मोजावे लागते. उताराने वाहणारे पाणी त्याच पेशीला काही मिनिटांत याहून कितीतरी दूर नेते. तेव्हा केवळ प्रसार साधायचा असता, तर कशाभिका (पोहण्यासाठी हलणारे शेपटीसारखे तंतू), त्यांना चालवणारी ऊर्जा आणि पेशीभित्तिकेशिवाय जगण्याचा धोका हा सगळा खर्च निसर्गाने टिकवून ठेवला नसता.

या पेशीची बांधणी आधी समजून घेऊ. चलबीजाणू, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला सर्रास झूस्पोर म्हणतात तो, ही पेशीभित्तिका नसलेली पेशी असते. तिच्याभोवती फक्त पेशीपटल असते. गोड्या पाण्यात अशा पेशीत परासरणाने सतत पाणी शिरत राहते, आणि ते बाहेर टाकले नाही तर पेशी फुटते. म्हणून फायटोफ्थोराच्या चलबीजाणूत आकुंची रिक्तिका असते, जी दर काही सेकंदांनी भरते आणि रिकामी होते. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे हे स्पंदन स्पष्ट दिसते. क्लॅमिडोमोनाससारख्या हरित शैवालांतही अशा रिक्तिका कशाभिकांच्या बुडाशी आढळतात. पेशी भित्तिका धारण करून स्थिरावली की रिक्तिकेचे काम संपते, कारण आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब त्यानंतर भित्तिका सोसते.

बुरशीसदृश जीवांचा चलबीजाणू पोहत असताना वाढत नाही आणि विभागतही नाही. बीजाणुधानीतून, म्हणजे बीजाणू बनतात त्या पिशवीतून, निघताना मिळालेली मेदाची आणि कर्बोदकांची शिदोरी हीच त्याची मालमत्ता असते. ब्लास्टोक्लॅडिएला या कवकात तर रायबोसोम केंद्रकाजवळ एका टोपीसारख्या आवरणात बांधून ठेवलेले असतात, आणि नवी प्रथिने बनवण्याचे काम पेशी स्थिरावून रुजू लागेपर्यंत जवळजवळ थांबलेले असते. पोहण्याचा काळ त्यामुळे मर्यादित असतो. थंड, शांत पाण्यात फायटोफ्थोराचे चलबीजाणू कित्येक तास चालू राहतात, तर उष्ण किंवा ढवळलेल्या पाण्यात फार लवकर थांबतात. शैवालांची स्थिती थोडी वेगळी आहे, कारण त्यांच्या चलबीजाणूत हरितलवक असते आणि उजेडात काही प्रमाणात प्रकाशसंश्लेषण चालू राहते. तरीही मुक्त पोहण्याची अवस्था त्यांच्यातही अल्पकाळाचीच असते.

कशाभिकांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ओळख आणि वर्गीकरण दोन्ही त्यांच्यावर अवलंबून आहेत. प्रत्येक कशाभिकेच्या आत नऊ जोड्या परिघावर आणि दोन एकेरी नलिका मध्यभागी, अशी सूक्ष्मनलिकांची मांडणी असते. मनुष्याच्या शुक्रपेशीच्या शेपटीतही हीच मांडणी आहे. या आकाराच्या पेशीसाठी पाण्याचा चिकटपणा हेच मुख्य बल असते, जडत्व जवळजवळ नगण्य ठरते, आणि म्हणून कशाभिका थांबली की पेशीही त्याच क्षणी थांबते. एकदा वेग घेऊन पुढे सरकत राहणे तिला शक्य नसते. काइट्रिड कवकांच्या चलबीजाणूला मागच्या टोकाला एकच गुळगुळीत कशाभिका असते आणि ती पेशीला मागून ढकलते. फायटोफ्थोरा, पिथियम, सॅप्रोलेग्निया यांच्या चलबीजाणूला दोन असमान कशाभिका असतात. त्यांतली मागची गुळगुळीत असते. पुढचीवर ताठ, नळीसारख्या केसांच्या दोन रांगा असतात. या केसांचे कार्य फार सुंदर आहे. कशाभिकेतील लहर बुडाकडून टोकाकडे जाते, आणि केस नसते तर अशा लहरीने पेशी मागे ढकलली गेली असती. केसांमुळे बलाची दिशा उलटते आणि तीच लहर पेशीला पुढे ओढते. मागची कशाभिका मुख्यतः दिशा बदलण्याच्या कामी येते.

या केसाळ कशाभिकेमुळेच एक मोठी वर्गीकरणाची दुरुस्ती पटण्याजोगी झाली. फायटोफ्थोरा आणि त्याचे नातलग तंतूंच्या रूपात वाढतात, शोषणाने अन्न घेतात आणि म्हणून दीर्घकाळ कवकांत गणले गेले. पण त्यांच्या भित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज असते, आणि त्यांच्या कशाभिका तपकिरी शैवालांच्या कशाभिकांशी जुळतात. जनुकीय पुराव्यानेही हेच दाखवले की हे ऊमायसीट जीव तपकिरी शैवाल आणि डायाटम यांच्या कुळातले आहेत. याउलट, मागे एकच कशाभिका असलेले काइट्रिड हे खरे कवक आहेत, आणि ते ज्या मोठ्या कुळात मोडतात त्याच कुळात प्राणीही येतात. त्यामुळे 'शैवाल आणि कवकांचे चलबीजाणू' असा एकच गट कल्पून चालणे धोक्याचे आहे. समुद्रातल्या केल्पचा (मोठ्या तपकिरी शैवालाचा) चलबीजाणू बटाट्यावरच्या करप्याच्या चलबीजाणूला जितका जवळचा आहे, तितका हा करप्याचा चलबीजाणू काइट्रिडच्या चलबीजाणूला नाही.

हरित शैवालांत कशाभिका सहसा पुढच्या टोकाला आणि सारख्या लांबीच्या असतात. युलोथ्रिक्समध्ये चलबीजाणूला चार कशाभिका असतात. इडोगोनियममध्ये पुढच्या टोकाभोवती कशाभिकांचे पूर्ण कडे असते. व्हॉचेरिया हे पिवळट-हिरव्या शैवालांपैकी असून त्यात संपूर्ण बीजाणुधानीतून एकच प्रचंड चलबीजाणू निघतो, ज्यात अनेक केंद्रके असतात आणि प्रत्येक केंद्रकासमोर पृष्ठभागावर कशाभिकांची एक जोडी असते. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर यांनी 1843 साली या बीजाणूचे बाहेर पडणे, पोहणे आणि पुन्हा वनस्पती बनणे यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी ते वनस्पती क्षणभर प्राणी बनते अशा रूपात मांडले. तो निष्कर्ष आज कोणी स्वीकारणार नाही, परंतु निरीक्षण अत्यंत काळजीपूर्वक केलेले होते, आणि हालचाल म्हणजे प्राणित्व ही समजूत डळमळीत होण्यात अशा निरीक्षणांचा मोठा वाटा आहे. लाल शैवालांत मात्र कशाभिका असलेली एकही अवस्था नसते. स्पायरोगायराच्या गटातही ती नाही. आपण नेहमी पाहतो त्या भूछत्रांच्या, यीस्टच्या आणि पेनिसिलियमच्या वंशांतूनही ती नाहीशी झालेली आहे.

आता युग्मकांपासूनचा फरक. व्याख्येने पाहिले तर गोष्ट सोपी आहे : चलबीजाणू एकटाच रुजून नवा जीव बनतो, युग्मकाला दुसऱ्या युग्मकाशी संयोग करावा लागतो. युलोथ्रिक्स किंवा उल्वा यांच्यात कशाभिका मोजूनही निर्णय होतो, कारण चलबीजाणूला चार आणि युग्मकाला दोन असतात. उल्वात आणखी एक उपयोगी फरक आहे : युग्मके उजेडाकडे जातात आणि चलबीजाणू उजेडापासून दूर जातात. युग्मकांना पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एकमेकांची गाठ घ्यायची असते, तर चलबीजाणूंना तळाशी दगड शोधायचा असतो, हे लक्षात घेतले की हा फरक आपोआप लक्षात राहतो. पण एक्टोकार्पस या तपकिरी शैवालात रूपावरून काहीच सांगता येत नाही, कारण दोन्हींना बाजूने निघालेल्या दोन असमान कशाभिका असतात. तेथे पेशी कोठून आली हे पाहावे लागते. बीजाणुजनक (बीजाणू बनवणाऱ्या) पिढीवरच्या एककोष्ठी धानीत अर्धसूत्री विभाजन होते आणि तिच्यातून निघालेल्या चलबीजाणूंपासून युग्मकजनक (युग्मके बनवणारी) पिढी तयार होते. त्याच पिढीवरच्या बहुकोष्ठी धानीतून निघालेले चलबीजाणू पुन्हा तीच पिढी वाढवतात. आणि युग्मकजनक पिढीवरच्या बहुकोष्ठी धानीतून युग्मके निघतात. त्यातही जोडीदार न मिळालेली युग्मके कधीकधी एकटीच रुजतात, म्हणून केवळ एक पेशी रुजताना दिसली एवढ्यावरून तिला चलबीजाणू ठरवू नये.

मूळ मुद्द्याकडे येतो. जागा निवडण्यासाठी पेशीला काहीतरी जाणवले पाहिजे, आणि चलबीजाणूंची संवेदनक्षमता हा या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आहे.

सोयाबीनच्या मुळांतून डायडझीन आणि जेनिस्टीन ही आयसोफ्लॅव्होन द्रव्ये पाझरतात. फायटोफ्थोरा सोजी या सोयाबीनवरच्या रोगकारकाचे चलबीजाणू या द्रव्यांच्या अत्यल्प प्रमाणाकडेही ओढले जातात, हे 1992 साली दाखवले गेले. इतर फायटोफ्थोरा आणि पिथियम प्रजातींचे चलबीजाणू इतके नेमके नसतात. ते मुळांतून पाझरणाऱ्या अमिनो आम्लांकडे, शर्करांकडे किंवा अल्कोहोलकडे जातात. मुळांभोवती आयनांच्या प्रवाहामुळे क्षीण विद्युतक्षेत्रही असते, आणि चलबीजाणूंना त्याचीही जाणीव असते. काही प्रजाती धन ध्रुवाकडे जातात, काही ऋण ध्रुवाकडे. या सगळ्याचा परिणाम असा की एका पाण्याच्या थेंबात कोवळे मूळ ठेवले तर चलबीजाणू त्याच्यावर सर्वत्र सारखे पसरत नाहीत. ते मूळटोकाच्या किंचित मागे, जेथे पेशी लांब होत असतात त्या पट्ट्यात आणि जखमेच्या कडांवर दाटी करतात. नवशिक्याला पहिल्यांदा हे दृश्य दाखवतो तेव्हा मला वेगळे स्पष्टीकरण क्वचितच द्यावे लागते.

निवड झाल्यानंतरची घटना त्याहून विलक्षण आहे. फायटोफ्थोराचा चलबीजाणू मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक खाच असते, जेथून दोन्ही कशाभिका निघतात. मुळाशी पोहोचल्यावर तो ही पोटाची बाजू मुळाकडे करतो. मग कशाभिका गळून पडतात, त्या बाजूच्या पटलाखाली रांगेने तयार असलेल्या पिशव्यांतून चिकट प्रथिन बाहेर टाकले जाते, पाठीकडच्या पिशव्यांतून निघालेले द्रव्य उरलेल्या पेशीवर पसरते, आणि काही मिनिटांत पेशीभोवती भित्तिका तयार होऊन ती गोल पुटी बनते. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आत मुळाच्या बाजूनेच अंकुरनलिका फुटते. ही नलिका कोठून निघणार हे पुटी बनण्याच्या वेळीच, म्हणजे पेशी कशी टेकली त्यावरून, निश्चित झालेले असते. काइट्रिडांत कशाभिका सहसा गळत नाही, ती पेशीच्या आत ओढून घेतली जाते. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच, की पोहणे आणि रुजणे या दोन अवस्था एकमेकींपासून स्पष्ट तोडलेल्या असतात.

ही तोड चुकीच्या जागी झाली तर काय होते? सॅप्रोलेग्नियाने त्यावर उपाय केलेला आहे. त्याच्या बीजाणुधानीतून आधी नासपतीच्या आकाराचे, टोकाला कशाभिका असलेले चलबीजाणू निघतात, ते थोड्याच वेळात पुटी बनतात, आणि त्या पुटीतून दुसऱ्या प्रकारचे, बाजूला कशाभिका असलेले आणि अधिक चपळ चलबीजाणू निघतात. हे दुसरे बीजाणूही अयोग्य ठिकाणी टेकले तर पुटीतून पुन्हा एक चलबीजाणू बाहेर पडू शकतो. प्रत्येक फेरीत साठा घटतो, म्हणून ही संधी अमर्याद नाही. पण निवडीला इतके महत्त्व असल्याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. ॲक्लाया या त्याच्या नातलगात पहिल्या प्रकारचे बीजाणू पोहतच नाहीत, धानीच्या तोंडाशीच त्यांचा पुटींचा गोळा बनतो.

समुद्रात निवडीचे निकष वेगळे असतात. उल्वाचे चलबीजाणू जिवाणूंचा थर जमलेल्या पृष्ठभागावर अधिक संख्येने स्थिरावतात. जिवाणू एकमेकांशी संपर्कासाठी जी ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन द्रव्ये सोडतात, त्यांचीच जाणीव या शैवालाच्या बीजाणूंना होते, हे 2002 साली दाखवण्यात आले. पुढच्या अभ्यासात असे दिसले की द्रव्याकडे सरळ पोहत जाण्याऐवजी बीजाणूंचा वेग तेथे मंदावतो, आणि वेग मंदावला की त्या भागात त्यांची संख्या आपोआप वाढते. जहाजांच्या तळावर वाढणारे हिरवे थर प्रामुख्याने याच शैवालाचे असल्यामुळे या अभ्यासाला मोठे व्यावहारिक मोल आहे. केल्पच्या चलबीजाणूंना नेत्रबिंदू (प्रकाशाची दिशा ओळखण्यास मदत करणारा रंगीत ठिपका) नसतो आणि ते प्रकाशाला दिशा बदलून प्रतिसाद देत नाहीत. तेथे आणखी एक अट असते, ती म्हणजे बीजाणू एकमेकांच्या पुरेसे जवळ स्थिरावले पाहिजेत, कारण त्यांच्यापासून बनणारे नर आणि मादी युग्मकजनक सूक्ष्म असतात आणि त्यांच्यात मिलिमीटरांपेक्षा फार अंतर पडले तर फलन होत नाही.

प्रकाशाची जाणीव मात्र अनेक हरित शैवालांच्या चलबीजाणूंत उत्तम असते. नेत्रबिंदूचे लाल-नारिंगी कण एका बाजूचा प्रकाश अडवतात, पेशी पोहताना स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ग्राहकावर प्रकाश आलटूनपालटून पडतो, आणि त्यावरून दिशा कळते. क्लॅमिडोमोनासमधील हे ग्राहक, म्हणजे प्रकाशाने उघडणारे आयनमार्ग असलेली चॅनेलऱ्होडॉप्सिन प्रथिने, 2002 च्या सुमारास ओळखली गेली आणि मज्जासंस्थेतील पेशींना प्रकाशाने नियंत्रित करण्याचे तंत्र त्यांच्यावरच उभे राहिले. ब्लास्टोक्लॅडिएला या कवकाचा चलबीजाणूही हिरव्या प्रकाशाकडे वळतो, पण त्याचे ग्राहक प्रथिन वेगळ्या बांधणीचे आहे.

पोहणे म्हणजे बाहेर जाणे असे समजणाऱ्याला हायड्रोडिक्टियॉन हे जाळ्याच्या आकारात वाढणारे शैवाल बुचकळ्यात टाकते. त्याच्या एका पेशीत हजारो चलबीजाणू बनतात, पण ते पेशीच्या बाहेर पडत नाहीत. आतल्या आत थोडी हालचाल करून ते एकमेकांना ठरावीक कोनांत चिकटतात आणि आईच्या पोटातच नव्या जाळ्याची संपूर्ण आकृती तयार होते. येथे पोहण्याने साधलेली गोष्ट म्हणजे केवळ मांडणी होय.

प्राण्यांच्या शरीरातली दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात पोहणाऱ्या काही पेशी दीर्घकाळ आदिजीव समजल्या जात होत्या, कारण कवकांना प्राणवायू लागतोच अशी समजूत होती. 1975 साली कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की मेंढीच्या पोटातल्या या पेशी वस्तुतः नियोकॅलिमॅस्टिक्स या प्राणवायूविना जगणाऱ्या कवकाचे चलबीजाणू आहेत. जनावराने चारा खाल्ला की त्यातून विरघळणाऱ्या हीमसारख्या द्रव्यांच्या इशाऱ्याने थोड्याच मिनिटांत हे बीजाणू सुटतात आणि चाऱ्याच्या नव्या तुकड्यांना जाऊन चिकटतात. दुसरे उदाहरण दुःखद आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या आणि 1999 साली वर्णिल्या गेलेल्या बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस या काइट्रिडचे चलबीजाणू त्वचेच्या पृष्ठभागावर उघडणाऱ्या नळ्यांतून बाहेर पडतात आणि पुष्कळदा त्याच प्राण्याला पुन्हा संसर्ग करतात, त्यामुळे संसर्गाचा भार चढत जातो आणि त्वचेतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडून हृदय थांबते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात या रोगाशी निगडित घट किमान 501 उभयचर प्रजातींत नोंदवली गेली आणि त्यांपैकी 90 प्रजाती नामशेष झाल्याचे मानले गेले.

शेतीतील महत्त्व सांगताना बटाट्याच्या करप्यापासूनच सुरुवात करावी लागते. आयर्लंडमध्ये 1845 पासून ज्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, त्यामागे फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स होता, आणि तोच या रोगाचे कारण असल्याचे आंतोन द बारी यांनी 1861 साली प्रयोगांनी सिद्ध केले. या जीवात दोन कामांची विभागणी फार स्पष्ट दिसते. वाऱ्याबरोबर दूर जाते ती संपूर्ण बीजाणुधानी. ती ओल्या पानावर पडल्यावर तापमान 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर तिच्यातील जीवद्रव्याचे तुकडे होऊन काही चलबीजाणू सुटतात आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे जागा शोधतो. तापमान 20 अंशांच्या वर असेल, तर बीजाणुधानी बहुधा स्वतःच एक अंकुरनलिका काढते. थंड, ओल्या हवेत रोग झपाट्याने का वाढतो याचे एक कारण हेच आहे, की एका धानीमागे संसर्गाच्या एका संधीऐवजी अनेक संधी मिळतात. द्राक्षावरील केवडा रोगाचा चलबीजाणू पानाच्या पर्णरंध्रापाशी पुटी बनवतो आणि त्याची नलिका रंध्रातूनच आत शिरते, म्हणून पानाची खालची बाजू ओली राहणे निर्णायक ठरते.

चलबीजाणू स्वतःबरोबर विषाणूही नेतात. ओल्पिडियमच्या चलबीजाणूच्या पटलावर तंबाखू नेक्रोसिस विषाणू बाहेरून चिकटतो, तर पॉलिमिक्सा बीटी हा जीव साखरेच्या बीटच्या मुळांत रायझोमेनिया हा रोग घडवणारा विषाणू आपल्या पेशीच्या आत बाळगतो. दुसऱ्या प्रकारात विषाणू विश्रामी बीजाणूंत सुरक्षित राहून जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो, आणि म्हणून फेरपालटाने तो सहजासहजी जात नाही.

नियंत्रणाचा विचार करताना भित्तिका नसलेली, ऊर्जा मर्यादित असलेली आणि पाण्याने भरलेल्या पोकळीवाचून हलू न शकणारी पेशी समोर आहे, हे सतत लक्षात ठेवावे. पाण्याचा निचरा हा पहिला उपाय याच कारणाने ठरतो. मोठ्या पोकळ्यांतले पाणी निघून गेले की चलबीजाणूला वाट उरत नाही, मग जमीन ओलसर असली तरी चालते. तांब्याचे आयन चलबीजाणूंना फार कमी प्रमाणातही घातक असतात. 1885 मध्ये फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी द्राक्षाच्या केवड्यावर प्रसिद्ध केलेले तांबेयुक्त बोर्डो मिश्रण आजही त्यावरच काम करते, परंतु ते पेशी रुजण्यापूर्वी पानावर हजर असले पाहिजे. मेटॅलॅक्झिल या औषधाचे काम उलट आहे : ते ऊतीत वाढणारे तंतू रोखते, पण आधीच पोहत असलेल्या चलबीजाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सायझोफॅमिड हे दुसरे औषध चलबीजाणूंवरही प्रभावी आहे. मातीविना, फिरत्या पोषकद्रावणात वाढवलेल्या पिकांत पृष्ठसक्रियकांचा (साबणासारख्या द्रव्यांचा) उपयोग होतो, कारण ते उघडे पेशीपटल फोडतात. त्याच द्रावणातल्या पुटींवर आणि तंतूंवर मात्र ते निष्प्रभ ठरतात, म्हणून पोहण्याच्या अवस्थेत गाठ पडेल अशा रीतीने त्यांचा वापर सतत ठेवावा लागतो. फवारणीची वेळ ठरवताना या अवस्थाभेदाकडे दुर्लक्ष होते, असे मला वारंवार दिसले आहे, आणि नंतर दोष औषधाला दिला जातो.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर फार साधने लागत नाहीत. तळ्याच्या पाण्यात उकळलेली भांगेची बी किंवा गवताचे पाते काही दिवस ठेवले की त्यावर सॅप्रोलेग्नियासारखे बुरशीसदृश जीव वाढतात. पाइनच्या परागकणांवर काइट्रिड येतात. फायटोफ्थोराची बीजाणुधान्या आलेली वाढ थंड निर्जंतुक पाण्यात बुडवून अर्धा तास 4 अंश तापमानात ठेवावी आणि मग खोलीच्या तापमानाला आणावी. थोड्याच वेळात धान्या रिकाम्या होऊ लागतात. शैवालांपैकी इडोगोनियम आणि व्हॉचेरिया यांना उजेडातून अंधारात किंवा ताज्या पाण्यात हलवल्यावर चलबीजाणू सुटण्याची शक्यता वाढते, आणि हे निरीक्षण सकाळी लवकर करावे. नमुना जोराने हलवू नये, कारण हलवण्याने चलबीजाणू तत्काळ पुटी बनतात. प्रयोगात सर्वांना एकाच वेळी पुटी बनवायचे असेल तर आपण मुद्दाम हेच करतो. वेग कमी करण्यासाठी थेंबात मिथाइल सेल्युलोज हे पाणी दाट करणारे द्रव्य मिसळावे. कशाभिका मोजण्यासाठी शेवटी आयोडीनचा थेंब कडेने सोडावा, परंतु त्यापूर्वी जिवंत पेशी कोणते टोक पुढे ठेवून पोहते आणि कशाभिका कोठून निघते याची नोंद करून ठेवावी, कारण मेलेल्या पेशीवरून पुढचे आणि मागचे टोक खात्रीने ठरवता येत नाही आणि कशाभिकेवरचे केस तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट दिसतच नाहीत.